करंट कुठपर्यंत आला?

परवा रात्री नऊ-साडेनऊला भावाचा फोन आला. "ताई, येतेस का जरा? हिचा दिवा काही लागत नाहीये, आणि आता जेवायलाही उठत नाही."

हिचा म्हणजे माझ्या भाचीचा. आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा करायला घेतला होता. महाराणी रोडवरच्या दुकानातून सामानही तिनंच आणलं होतं, यादी हातात घेऊन, बापाला दुकानाबाहेर उभं करून. मी स्कूटर काढली आणि रामबागेतून सुदामानगरला पोचले. जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी ब्रेडबोर्ड (म्हणजे सुटे भाग नुसते खोचून जोडायची भोकांची फळी), तीन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, आठ-दहा एलईडी, पाय वाकलेले दोन ट्रान्झिस्टर आणि रंगीत वायरींचा गुंता.

"आत्या, मी सगळं बदलून पाहिलं," ती म्हणाली. "बॅटरी बदलली, एलईडी बदलला, ट्रान्झिस्टर बदलला. तरी नाहीच."

संध्याकाळी पाचपासून ती बसली होती. मला मात्र त्या 'सगळं बदलून पाहिलं'चंच जास्त वाईट वाटलं. तीस वर्षं मी एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत काढली. दरवर्षी नवी मुलं यायची आणि पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडायचं. सगळं बदललं की नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि बदलताना हातून नवी चूक झाली असेल तर तीही त्याच ढिगात लपते.

"आता कशालाही हात लावू नकोस," मी म्हटलं. "आधी बघू, करंट कुठपर्यंत आलाय."

हे वाक्य नानांचं. नाना म्हणजे आमचे वडील, इंदूरच्या एका कापड गिरणीत वायरमन होते. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण विजेचं सगळं बोलणं नाना गिरणीतल्या हिंदीत करायचे. शेजारच्यांचा पंखा थांबो की गल्लीतला दिवा जावो, शिडी लावण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "करंट कहाँ तक आया?" बाकी सगळे विचारायचे, काय बिघडलं? नानांच्या तोंडून तो प्रश्न मी ऐकलेला नाही. खूप वर्षांनी, मुलांना शिकवताना, मला त्यातला फरक उमगला. 'काय बिघडलं' विचारलं की माणूस अंदाज बांधायला लागतो. ज्याच्यावर राग असतो त्याच्यावर आळ घेतो. 'कुठपर्यंत आला' विचारलं की उठून तिथपर्यंत चालत जावं लागतं.

नानांचं वर्ष अनंत चतुर्दशीला संपायचं. इंदूरबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं. आमच्याकडे विसर्जनाच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांच्या कामगारांनी खपून उभे केलेले हे चालते देखावे: पुराणातले प्रसंग, मान हलवणाऱ्या मूर्ती, फिरणारी चक्रं, आणि वरपासून खालपर्यंत दिवेच दिवे. बरोबर आखाडे, लाठ्या-पट्टे फिरवणारी पोरं. आसपासच्या गावांतून माणसं येतात आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली, बाकीच्याही एकेक करत मिटल्या; झांक्या मात्र निघत राहिल्या, अजूनही निघतात. ज्या गिरणीचा भोंगा वाजत नाही तिच्या नावाची झांकी रस्त्यावरून उजळत जाताना पाहिली की मला अजून गहिवरून येतं.

त्या दिव्यांचं काम नानांकडे असायचं. पळते दिवे करायला तेव्हा इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं. लाकडाच्या गोल दांड्यावर पितळेच्या पट्ट्या तिरक्या ठोकलेल्या, बाजूला लहान मोटर, आणि पट्ट्यांवर घासत राहणारी तांब्याची पानं. दांडा फिरला की एक पट्टी सुटायची, दुसरी लागायची, आणि देवाच्या मागची प्रभावळ फिरू लागायची. शेडमध्ये पितळ घासल्याचा आणि ठिणग्यांचा एक वास असायचा. मी शाळा सुटली की डबा घेऊन जायचे आणि तिथंच रेंगाळायचे.

सगळ्यात जास्त छळायच्या त्या बारीक दिव्यांच्या माळा. सहा-सहा व्होल्टचे चाळीस दिवे एकापुढे एक जोडलेले, म्हणून माळ घरच्या २३० व्होल्टवर चालायची. एक दिवा गेला की अख्खी माळ काळी. भाद्रपदातला पाऊस, ओलसर शेड, गंजलेली टोकं; रोज एक तरी माळ मरायची. नवखी पोरं पहिल्या दिव्यापासून एकेक काढून तिथं चांगला दिवा लावून बघत बसायची. नाना टेस्टर घेऊन थेट मधल्या, विसाव्या दिव्यापाशी जायचे. तिथं टेस्टर पेटला तर करंट इथवर आलाय, बिघाड पुढच्या अर्ध्यात. नाही पेटला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या वीसचा मध्य, मग दहाचा. चाळीस दिव्यांत लपलेला एक मेलेला दिवा फार तर सहाव्या स्पर्शाला हाती लागायचा. नाना सातवी शिकलेले. पुढे वर्गात फळ्यावर 'शोधण्याची जागा दर वेळी निम्मी करा' असं लिहिताना मला त्या शेडमधली विसाव्या दिव्यावर टेकलेली त्यांची बोटं दिसायची.

आणि एक गोष्ट त्यांनी मला तिथंच दाखवली, जी मी आजवर विसरले नाही. टेस्ट लॅम्प म्हणजे साधा होल्डर, त्यात पंधरा वॅटचा बल्ब, आणि दोन वायरी. नानांनी त्याची दोन टोकं एका चांगल्या दिव्याच्या दोन बाजूंना लावली. काही नाही. दुसऱ्याला लावली, तिसऱ्याला लावली. काही नाही. मग मेलेल्या दिव्याच्या दोन बाजूंना लावली, तर टेस्ट लॅम्प झळाळला आणि बाकीच्या एकोणचाळीस दिव्यांत मंद तांबूस जीव आला.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "जिथं तुटलंय तिथंच सगळा दाब उभा असतो."

मला वाटायचं, तुटलं म्हणजे तिथं काही नसणार. उलट होतं. प्रवाह वाहत नसेल तर चांगल्या दिव्यांवर एक व्होल्टही पडत नाही, कारण त्यांतून काही जातच नाही. अख्खे २३० व्होल्ट त्या एका तुटीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहतात. म्हणून तर विझलेल्या माळेतला विझलेला दिवा उघड्या बोटांनी काढायचा नाही. 

याच शेडमध्ये एकदा अनर्थ होता होता राहिला. मी तेव्हा भाचीएवढीच असेन. नाना वर होते आणि खालच्या पेटीतली लाइन बंद आहे का ते मला बघायला सांगितलं होतं. मी टेस्ट लॅम्पची टोकं लावली. दिवा लागला नाही. "बंद आहे नाना," असं ओरडून मी वायर बाजूला करायला हात घातला, आणि शिडीवरून खाली आलेल्या नानांनी माझं मनगट धरलं. मनगटावर चार दिवस बोटांचे वण होते. ते काही बोलले नाहीत. तोच टेस्ट लॅम्प उचलून भिंतीवरच्या चालू सॉकेटला लावला. तिथंही तो लागला नाही. त्याचीच तार तुटलेली होती. लाइन चालू होती.

मग त्यांनी नवा बल्ब घातला, आधी सॉकेटवर पेटवून दाखवला, मग पेटीवर लावला, तिथं तो पेटला. मग मुख्य स्विच पाडला, पुन्हा पेटीवर लावला, विझलेला दिसला. आणि पुन्हा एकदा सॉकेटवर पेटवला. आधी साक्षीदार खरा बोलतो का ते बघ, मग त्याची साक्ष घे, शेवटी पुन्हा एकदा खात्री कर. त्या रात्री नाना जेवले नाहीत, हे आईनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

म्हणून सुदामानगरच्या त्या टेबलाशी मी मल्टिमीटर काढला तो आधी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलला लावला. १.५ च्या जरा वर आकडा आला. भाची अधीर झाली होती. "आत्या, घड्याळ चालू आहे." मी म्हटलं, "घड्याळ चालू आहे हे माहीत आहे म्हणूनच. आपला मीटर चालू आहे का, ते बघतेय." मग तिला मनगटाची गोष्ट सांगितली. ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली.

सर्किट साधं आहे, थोडक्यात सांगते. प्रकाश पडला की रोध कमी होणारा एक घटक असतो, एलडीआर. त्याला ४७ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह अडवणारा तुकडा, जोडून दोघांच्या मधल्या बिंदूवरून ट्रान्झिस्टरच्या बेसला वायर दिलेली. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेनं चालणारा स्विच, आणि बेस हा त्याला हुकूम देणारा पाय. उजेडात एलडीआर बेसवरचा दाब खाली ओढून ठेवतो. अंधारात त्याचा रोध वाढतो, बेसवर ०.६५ व्होल्टच्या आसपास दाब चढतो आणि ट्रान्झिस्टर वाट मोकळी करतो. मग बॅटरीतून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून आणि लाल एलईडीतून साधारण १५ मिलिअँपिअर वाहतात. एवढंच.

पहिली पाळी बॅटरीची. तिघींवर नुसता मीटर लावला तर तिन्ही धडधाकट दिसल्या. सगळ्यात कमी होती तिचाही आकडा ८.४ होता. मग प्रत्येकीला एक ४७० ओहमचा रेझिस्टर जोडून, म्हणजे थोडं काम देऊन, पुन्हा मोजलं. दोन ८.९ वर राहिल्या. तिसरी धापा टाकत पाचवर आली. ती जुन्या खेळण्यातून काढलेली होती आणि भाचीनं सुरुवात तिच्यावरच केली होती. बसलेल्या बॅटरीला काम दिल्याशिवाय ती खरं सांगत नाही.

या फसवणुकीला खुद्द ओहमही बळी पडला होता, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. गेऑर्ग ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. १८२५ मध्ये त्यानं तारांवर प्रयोग करून एक नियम मांडला, तो चुकीचा निघाला. कारण त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच खाली-वर होत होता. मग पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकानं त्याला सुचवलं की बॅटरी सोड, दोन धातूंचा जोड एका टोकाला तापव आणि दुसऱ्या टोकाला गार ठेव, त्याचा दाब स्थिर राहतो. ओहमनं तांबं आणि बिस्मथ घेतलं, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, आणि आकडे नीट जुळून आले. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. तरीही मान मिळायला बरीच वर्षं गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ले पदक दिलं ते १८४१ मध्ये. शाळेच्या पुस्तकात त्याचा नियम एका ओळीत येतो. त्या ओळीमागचं उकळतं पाणी आणि बर्फ मुलांना कोणी दाखवत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

मग रेझिस्टर. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०. पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ हजार. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि नारिंगी सख्ख्या बहिणी दिसतात, आणि अदलाबदल झाली तर प्रवाह शंभरपट घटतो. माझा संशय यांच्यावरच होता. मोजले, दोघे आपापल्या जागी बरोबर होते. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

आता मीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला अडकवली आणि लाल वायर भाचीच्या हातात दिली. "चालत जा. कुठं काय दिसतंय ते मोठ्यानं म्हण." बेसवर ०.२८. एलडीआरवर तळहात धरायला सांगितला: ०.६६. तिनं हात काढला, पुन्हा धरला. आकडा खाली-वर होत होता. पाच तासांत पहिल्यांदा त्या फळीवर काहीतरी तिचं ऐकत होतं. अंधार झालाय हे ट्रान्झिस्टरला कळलं होतं, तो वाट मोकळी करून बसला होता. येणारं कोणी नव्हतं.

"आता एलईडीच्या बाजूला, धन टोकाकडून." ती ४७० च्या वरच्या पायाला टेकली. शून्य.

"आत्या, इथं नऊ यायला पाहिजेत ना?"

"कुठपर्यंत आलेत ते बघ."

बोर्डाच्या कडेनं धन बाजूची लांब रांग असते, तिच्यावर लाल रेघ छापलेली. डाव्या टोकाला बॅटरी होती: ९.१. ती एकेक भोक पुढे सरकत गेली. ९.१. ९.१. ९.१. मध्यापर्यंत तेच, आणि मध्य ओलांडला की शून्य. तिनं एकदम खाली वाकून नाक बोर्डाला लावलं. "रेघ तुटलीये!" खरंच, लाल रेघेत बरोबर मधोमध नखाएवढी फट सोडलेली होती. लांब ब्रेडबोर्डांपैकी काहींत ही कडेची रांग आतून दोन तुकड्यांत असते, दोन वेगवेगळे दाब वापरता यावेत म्हणून. फट छापलेली असते, पण सांगितल्याशिवाय ती कोणाला दिसत नाही. बेसचं सामान डाव्या अर्ध्यात होतं आणि एलईडी उजव्या अर्ध्यात.

तिनं वायरचा छोटा तुकडा घेऊन दोन्ही अर्धे जोडले, एलडीआरवर हात धरला.

दिवा लागला नाही.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. भाऊ स्वयंपाकघरातून आला होता, तो काही म्हणणार तोच मी त्याला हातानं थांबवलं. अशा वेळी मोठी माणसं हमखास बोर्ड आपल्याकडे ओढून घेतात. मी फक्त एवढंच म्हटलं, "नऊ पुढे आलेत का बघ." आले होते. "आता एलडीआरवर काळा कागद ठेव, आणि त्या वाटेवरच्या एकेकाच्या दोन पायांवर मीटर लाव." रेझिस्टरवर शून्य. ट्रान्झिस्टरच्या दोन पायांवर जवळजवळ शून्य. एलईडीच्या दोन पायांवर ९.१.

नाना माझ्या मागे येऊन उभे राहिल्यासारखं वाटलं. सगळा दाब एकाच जागी उभा.

एलईडी हा एकाच दिशेला वाट देणारा. त्याचा लांब पाय धन, पण बदलाबदलीत तिनं पाय कापून सारखे केले होते. अशा वेळी कडेवर बोट फिरवायचं. गोल कडेचा एक भाग सपाट असतो, तो ऋण पाय. सपाट बाजू बॅटरीच्या धन टोकाकडे होती. पहिला एलईडी तिनं बरोबर लावला होता, हे तिला स्वतःलाच आठवलं. रात्री आठ वाजता दुसरा लावला तो उलटा गेला. फळीतला बिघाड पहिल्यापासूनचा, दुसरा दुरुस्तीच्या घाईत जन्मलेला. लाल एलईडीला उलटा दाब साधारण पाच व्होल्टपर्यंतच चालतो. हा नऊ सोसूनही शाबूत होता. तिनं उपटला, फिरवला, खोचला. कागदाखालच्या अंधारानं दिवा लावला.

तिनं आधी घरातली ट्यूब बंद केली. मग कचऱ्याच्या डब्यातून संध्याकाळचा पहिला एलईडी शोधून आणला आणि वजनकाट्यातल्या नाण्याएवढ्या सेलला टेकवला. पेटला. काढून टाकलेले दोन्ही ट्रान्झिस्टरही मीटरवर ठणठणीत निघाले. तिनं ते सगळं पुसून, पाय सरळ करून एका डबीत ठेवलं. रात्री साडेअकरा वाजता आम्ही गार झालेली खिचडी गरम करून जेवलो.

पालकांना एक कळकळीनं सांगते: नऊ व्होल्टवर मुलांना चुकू द्या, बोर्ड त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. पण २३० व्होल्टवर मी नानांचं जे लिहिलं आहे ते त्यांच्या हातांचं काम होतं, ते घरी करून पाहायचं नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. खोकं तयार झालं होतं, रंगवलेलं, खिडक्या कापलेल्या, त्यात बोर्ड बसवलेला. मला वाटलं, बोलावतेय.

"आत्या, दिवा लागतोय पण अर्धाच, मिणमिणता. मीटर घड्याळाच्या सेलवर बघून घेतला. बॅटरी काम देऊन ८.८. धन रांग दोन्हीकडे ८.८. एलडीआरवर हात धरला तर बेसवर ०.६६, पण हात काढून नुसता अंधार केला तर ०.६ च्या जरा वर येऊन थांबतो, पुढे चढत नाही."

मी टेबलावरचं पेन घेतलं. ती क्षणभर थांबली.

"खोक्यात एलडीआर एलईडीच्या समोरच आलाय," ती म्हणाली. "त्याचाच उजेड त्याच्यावर पडतोय. मधे काळ्या कागदाची नळी घालून बघते. तू फोन ठेवू नकोस."